काल खाणे फार झाले असेल, तर आजचा दिवस कसा काढावा

सकाळी जाग येते तीच पोटावरच्या जडपणाने. तोंडाला कोरड पडलेली असते, घशाशी आंबट येत असते, बोटातली अंगठी रुतून बसलेली असते आणि परवापर्यंत सैल होणारे कपडे कमरेला काचत असतात. अशा सकाळी मनात दोन विचार हटकून येतात. एक म्हणजे आज दिवसभर तोंडात काही घालायचे नाही, आणि दुसरा म्हणजे काल सगळे बिघडलेच आहे, तर आज नीट वागून तरी काय उपयोग. मी बरीच वर्षे पहिल्या विचाराच्या मागे जात असे. दुपारपर्यंत निभत असे, चारच्या सुमारास डोके दुखू लागे, आणि संध्याकाळी सातला स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच, ताट न घेता, डब्यातून हाताने खाणे सुरू होई. भूक भागल्यावरही हात थांबत नसे. कालच्या जेवणाने जेवढे नुकसान केले नसेल, तेवढे आजच्या उपाशी राहण्याने होत होते, हे लक्षात यायला मला फार वेळ लागला. म्हणून पुढे जे सांगणार आहे त्याचा रोख एकच आहे: अतिखाण्याच्या दुसऱ्या दिवशी शरीराला शिक्षा नको असते, त्याला रोजचा, नेहमीसारखा दिवस हवा असतो.

हे मार्गदर्शन एरवी निरोगी असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी आहे. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी शेवटाकडचा त्यांच्यासाठीचा भाग आधी वाचावा.

आधी समजून घ्यावे: पोटात नेमके काय चालले आहे

रिकामे जठर मुठीएवढे लहान असते आणि जेवताना ते सैल होत साधारण एक ते दीड लिटर सहज सामावून घेते. त्याहून जास्त खाल्ले तरी ते ताणले जाते, पण त्या ताणाचा निरोप मेंदूपर्यंत जातो आणि मळमळ, धाप व अस्वस्थता जाणवते. घन पदार्थांचे नेहमीचे जेवण जठरातून पुढे सरकायला साधारण चार तास लागतात. जेवण तेलकट-तुपकट असेल तर लहान आतड्यातून निघणारी संप्रेरके जठराला हात आखडता घ्यायला लावतात आणि हा काळ लांबतो. त्यानंतर लहान आतड्याचे काही तास, आणि मग मोठ्या आतड्यातला एक ते तीन दिवसांचा संथ प्रवास. म्हणजे रात्री उशिरा जेवलेल्या माणसाला सकाळी जो जडपणा वाटतो, तो जठरात तुंबलेल्या अन्नाचा असतोच असे नाही. बहुतेक अन्न पुढे गेलेले असते आणि मोठ्या आतड्यात जिवाणू त्यातला न पचलेला भाग आंबवून वायू तयार करत असतात. हा वायू आणि तिथे साचलेले पाणी यांमुळे पोट तट्ट वाटते. ते कुठल्याही काढ्याने वा पेयाने ‘धुऊन’ निघत नाही; ते आपल्या गतीने पुढे सरकते, आणि आपण फक्त त्याच्या वाटेत अडथळा आणायचा नसतो.

शरीर एका वेळचे अतिखाणे किती निभावून नेते, यावर इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातला २०२० सालचा एक प्रयोग मला फार दिलासा देणारा वाटतो. चौदा निरोगी तरुण पुरुषांना एकदा पोट समाधानाने भरेपर्यंत आणि दुसऱ्या वेळी आणखी एक घासही जाणार नाही इतका पिझ्झा खायला दिला. दुसऱ्या वेळी त्यांनी जवळजवळ दुप्पट खाल्ले, तरी रक्तातली साखर नेहमीच्या जेवणानंतर असते त्याहून वर गेली नाही आणि रक्तातली चरबी थोडीच वाढली. मात्र हे फुकट झाले नाही: साखर ताब्यात ठेवण्यासाठी शरीराने इन्सुलिन सुमारे निम्म्याने अधिक सोडले, आणि ती माणसे चार तासांनंतरही सुस्त होती, त्यांना गोड खाण्याचीदेखील इच्छा राहिली नव्हती. याचा अर्थ रोज असे खाल्ले तरी चालते, असा काढू नये. एखाद्या दिवसाचा भार उचलण्याची यंत्रणा आपल्यात आहे आणि ती रात्रभर काम करून थकलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

वजनकाट्यावर आज उभे राहू नये

सकाळी काट्यावर दीड-दोन किलो वजन वाढलेले दिसते आणि माणूस हादरतो. थोडा हिशेब करू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. काल गरजेपेक्षा १,५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या असे धरले, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या चरबीत गेल्या असेही मानले, तरी ती चरबी २०० ग्रॅमच्या आतच भरते. मग उरलेले दीड किलो कुठून आले? काही भाग आतड्यात असलेल्या अन्नाचाच आहे. काही भाग ग्लायकोजेनचा आहे: यकृत आणि स्नायू पिष्टमय पदार्थांचा साठा या रूपात करतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. आणि मोठा भाग मिठाचा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. भरपेट, चमचमीत जेवणात ही मर्यादा एका बैठकीत ओलांडली जाते आणि वाढलेला सोडियम रक्तात योग्य प्रमाणात राहावा म्हणून शरीर पाणी राखून ठेवते. रुतलेली अंगठी आणि पापण्यांवरची सूज त्याचीच. मूत्रपिंडे हे जादा मीठ एक-दोन दिवसांत बाहेर टाकतात. तेव्हा वजन करायचेच असेल तर नेहमीसारखे जेवण सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांनी करावे. आज दिसणारा आकडा खरा असला, तरी तो चरबीचा नाही, आणि त्याच्या भीतीने घेतलेले निर्णय बहुतेक वेळा चुकतात.

उठल्यावरचा पहिला तास

उठल्यावर पुन्हा आडवे होण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण सपाट झोपल्याने जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर येणे सोपे होते. उठून बसावे आणि पाणी प्यावे, पण घोट घोट, अर्ध्या तासात एखादा पेला या बेताने. तांब्याभर पाणी एका दमात रिचवले, तर आधीच ताणलेल्या पोटावर आणखी ताण येतो. पाणी कोमट असावे की साधे, याने फारसा फरक पडत नाही; ज्याने बरे वाटते ते घ्यावे. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्याने कालची चरबी वितळत नाही, आणि छातीत जळजळ होत असेल तर त्यातल्या आम्लाने ती वाढू शकते. दिवसभरात किती पाणी प्यावे, याचे साधे माप लघवीचा रंग: तो फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे.

त्यानंतर चालायला बाहेर पडावे. दहा ते वीस मिनिटे पुरतात. चाल अशी असावी की सोबतच्या माणसाशी न अडखळता बोलता येईल. या दिवशी मला एकच उपाय निवडायला सांगितले, तर मी चालणे निवडेन, कारण संथ चालण्याने आतड्यांच्या हालचालीला मदत होते, अडकलेला वायू सरतो आणि मनावरचे मळभही थोडे हटते. कपडे मात्र सैल घालावेत. घट्ट पट्ट्याने पोट आवळले की आतला दाब वाढतो आणि आंबट ढेकर सुरू होतात.

परतल्यावर शौचाला घाई करू नये आणि कुंथू नये. कमोड वापरत असाल तर पायांखाली एक लहान पाट किंवा स्टूल घेऊन गुडघे कमरेपेक्षा वर येतील असे बसावे. त्याने मार्ग सरळ होतो. तरीही पोट साफ झाले नाही तर चिंतेचे कारण नाही, कारण कालचे अन्न अजून त्या टप्प्यावर पोहोचलेलेच नसेल.

पोट फुगलेले असेल तर पाठीवर टेकून, डोके उशीवर उंच ठेवून, गुडघे दुमडावेत आणि तळहात पोटावर हलक्या दाबाने फिरवावा: उजव्या बाजूला खालून वर बरगडीपर्यंत, तिथून आडवा डावीकडे आणि मग डाव्या बाजूने खाली. मोठे आतडे याच वाटेने गेलेले असते. चार-पाच मिनिटांत पोटात गुडगुड ऐकू येते आणि वारा सरतो. घरातल्या कुणाला संकोच वाटत असेल तर त्याला एकट्याला खोली द्यावी. वारा अडवून धरल्याने दुखणे वाढते.

पहिले खाणे केव्हा आणि कशाचे

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यायला हवा. भूक नाही म्हणून सकाळचे खाणे पुढे ढकलणे ही शरीराची भाषा ऐकणे आहे, आणि त्यात काहीही गैर नाही. काल जास्त खाल्ले म्हणून भूक लागलेली असतानाही उपाशी राहणे ही शिक्षा आहे, आणि तिचा परिणाम संध्याकाळी भोगावा लागतो. घड्याळाकडे पाहून पोटात काही ढकलू नये, आणि पोटात खरोखर कावकाव होऊ लागली की टाळूही नये. बहुतेकांना सकाळी उशिरा किंवा दुपारच्या जेवणाच्या वेळी भूक लागते. दुपार उलटून गेली तरी लागली नाही, तर थोडेसे काही खाऊन घ्यावे, म्हणजे रात्रीची भूक बेफाम होत नाही.

पहिले खाणे नेहमीच्या निम्म्या ते पाऊण प्रमाणात असावे, तेल-तूप आणि तिखट बेताचे असावे, आणि त्यात प्रथिने नक्की असावीत, कारण प्रथिनांनी पोट भरल्याची भावना जास्त टिकते. मऊ भात आणि पातळ डाळ, उकडलेले अंडे आणि भाजलेला पाव, दही आणि केळे, भाज्यांचे सूप, ओट्स यांपैकी जे घरात रोज खाल्ले जाते ते निवडावे. ‘आज फक्त कच्च्या भाज्या’ हा बेत चांगल्या हेतूने केला जातो, पण पोट फुगलेले असताना मोठा वाडगाभर कच्ची कोबी, मुळा किंवा कांदा खाल्ला, तर आतड्यातल्या जिवाणूंना आंबवायला आणखी सामग्री मिळते आणि गुबारा वाढतो. भाज्या शिजवून खाव्यात, कच्चे उद्यापासून. मिठाचा हात आखडता ठेवावा आणि लोणची, पापड, वेफर्स, तयार सूपची पाकिटे यांना आजच्यापुरती सुट्टी द्यावी.

चहा-कॉफी नेहमी घेत असाल तर नेहमीएवढीच घ्यावी, कारण ती एकदम बंद केल्याने डोके दुखते आणि त्याचा दोष उगाच कालच्या जेवणावर जातो. जळजळ असेल तर रिकाम्या पोटी मात्र घेऊ नये. बुडबुड्यांची शीतपेये ढेकर आणून हलके वाटल्याचा भास देतात, पण फुगलेल्या पोटात वायूची भरच घालतात. च्युइंगमचेही तसेच, चघळताना हवा गिळली जाते. पुदिन्याने पोटातला मुरडा कमी होऊ शकतो, पण तो अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडपही सैल करतो, म्हणून छातीत जळजळणाऱ्यांनी तो टाळावा. काल मद्यही घेतले असेल तर आज त्याचा एक घोटही नको. ‘उतारा’ म्हणून घेतलेले मद्य त्रास फक्त पुढे ढकलते.

जळजळीवर औषध घेण्याआधी

साधी जळजळ अँटासिडच्या गोळीने किंवा पातळ औषधाने थोड्याच वेळात शमते. मात्र थायरॉईडची गोळी, लोहाची गोळी किंवा काही प्रतिजैविके चालू असतील तर दोहोंमध्ये काही तासांचे अंतर हवे, नाहीतर ती औषधे नीट शोषली जात नाहीत. नेमके किती, ते औषध देणाऱ्याला विचारावे. फॅमोटिडिनसारख्या गोळीला तासभर लागतो पण तिचा परिणाम जास्त टिकतो. ओमेप्राझोलच्या वर्गातल्या गोळ्यांचा पूर्ण परिणाम यायला एक ते चार दिवस लागतात, त्यामुळे आजच्या आज बरे वाटावे म्हणून त्या घेण्यात फारसा अर्थ नाही. डोके दुखते म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेणे आज टाळावे, कारण चिडलेल्या जठराला ती आणखी चिडवतात.

खाण्याच्या सोड्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तो घराघरात असतो आणि निरुपद्रवी समजला जातो. सोडा जठरातल्या आम्लाशी मिसळला की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. पोट तुडुंब भरलेले असताना हा वायू एकदम सुटला, तर जठर फाटण्यापर्यंत मजल गेल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. शिवाय चहाच्या एका सपाट चमचाभर सोड्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे ज्या सुजेतून सुटायचे, तीच वाढते. तुडुंब पोटावर सोडा घेऊ नये.

दुपार ते रात्र

दुपारी ग्लानी येणारच. आम्लाच्या त्रासाने रात्री झोप तुटलेली असते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक वाढते, विशेषतः गोड-तळकट खाण्याची. तेव्हा वीस-तीस मिनिटे आरामखुर्चीत किंवा उशांना टेकून डोळा लावावा. त्याहून जास्त झोपल्यास रात्रीची झोप बिघडते. व्यायामशाळेत जाऊन ‘कालचे जाळून येतो’ म्हणणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की आज जाऊ नये. जोरकस व्यायामाने आम्ल वर येते, मळमळते, आणि त्याहून वाईट म्हणजे व्यायामाचे नाते शिक्षेशी जोडले जाते. दुपारच्या खाण्यानंतर पुन्हा दहा मिनिटे चालावे, तेवढे पुरे.

रात्रीचे जेवण चुकवू नये. ते साधे, थोडे कमी आणि झोपण्याच्या किमान तीन तास आधी असावे. झोपताना डाव्या कुशीवर वळावे. त्या बाजूला झोपल्यावर जठर अन्ननलिकेपेक्षा खालच्या पातळीत राहते आणि आम्ल वर चढणे कमी होते. ज्यांना जळजळ जास्त आहे त्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे किंवा विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलावी. नुसत्या उशा वाढवल्या तर मान वाकते आणि पोट दुमडते, त्याने उलट त्रास होतो.

जे अजिबात करू नये

जुलाबाच्या गोळ्या घेऊ नयेत. अन्नातली ऊर्जा लहान आतड्यातच शोषली जाते आणि या गोळ्यांचे काम मुख्यतः मोठ्या आतड्यात चालते. म्हणजे बाहेर जाते ते पाणी आणि क्षार, ऊर्जा शरीरातच राहते. ‘विषारी द्रव्ये बाहेर काढणारी’ म्हणून विकली जाणारी पेयेही अनावश्यक आहेत, ते काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करत असतात.

आणि घशात बोट घालून उलटी काढू नये. १७२४ साली डच वैद्य हर्मन बुरहावे यांनी एका नौदल प्रमुखाच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. यान व्हान वासेनार हे ते गृहस्थ भरपेट जेवणानंतर बरे वाटावे म्हणून वांतीकारक औषध घेत असत. एकदा अशीच ओकारी काढताना त्यांची अन्ननलिका फाटली आणि ते दगावले. हा प्रकार आजही बुरहावे यांच्याच नावाने ओळखला जातो. तो दुर्मीळ आहे, हे खरे. पण वारंवार उलट्या काढल्याने दातांवरचे आवरण झिजणे आणि रक्तातले पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडणे हे दुर्मीळ नाही.

ज्यांनी वेगळी काळजी घ्यावी

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी आज जेवण टाळू नये, कारण औषध घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. साखर अधूनमधून तपासावी आणि डोस मनाने बदलू नये. हृदय कमजोर असलेल्यांच्या बाबतीत वजनकाट्याचा वर सांगितलेला सल्ला लागू नाही: त्यांनी रोज वजन करावे, आणि एका दिवसात एक-दीड किलो वाढले, पाय सुजले किंवा आडवे झाल्यावर दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याची ठरवून दिलेली मर्यादा पाळावी.

काही लक्षणे अपचनाची समजून घरी थांबू नये. बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीकडे जाणारी तीव्र वेदना, उजव्या बरगडीखाली तासन्‌तास टिकणारे दुखणे, ताप, डोळे पिवळे दिसणे, उलटीत रक्त, डांबरासारखे काळे शौच, पोट कडक होऊन वारा व शौच दोन्ही बंद होणे, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालय गाठावे. छातीत दाब येऊन तो हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरत असेल, घाम फुटत असेल, तर अँटासिड घेऊन वाट पाहत बसू नये. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी.

मन आणि दुसऱ्या दिवसाची भीती

मानसशास्त्रज्ञ जेनेट पोलिवी आणि पीटर हर्मन यांनी आहारावर कडक बंधने घालून घेणाऱ्या लोकांचा अनेक वर्षे अभ्यास केला. नियम एकदा मोडला की ‘आता मोडलाच आहे’ म्हणून ही माणसे आणखी खातात, असे त्यांना दिसले. नियम जितका कडक, तितके हे कोसळणे मोठे. म्हणून आज नवा नियम करू नये, कसलीही शपथ घेऊ नये. उरलेले पदार्थ फेकून देण्याचीही गरज नाही. ते लहान डब्यांत भरून ठेवावेत आणि दोन दिवसांत ताटात वाढून, बसून खावेत. फ्रिजच्या उघड्या दाराशी उभे राहून खाणे आणि ताट वाढून खाणे यात किती फरक पडतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

कालचे खाणे आनंदाच्या भरात झाले की दुसऱ्या कशाच्या भरात, हे मात्र स्वतःला शांतपणे विचारावे. थोड्या वेळात, दोनेक तासांत, इतर कुणी खाणार नाही इतके खाल्ले जाते, खाताना थांबणे आपल्या हातात राहत नाही, हे लपूनछपून होते, आणि असे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चालले आहे, असे उत्तर आले, तर तो अपचनाचा प्रश्न नाही. वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘बिंज इटिंग डिसऑर्डर’ असे स्वतंत्र नाव आहे, २०१३ पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे, आणि त्यावर समुपदेशनाचा व औषधांचा उपयोग होतो. डॉक्टरांसमोर बसल्यावर शब्द सुचत नाहीत, म्हणून जाण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: असे किती वेळा होते, किती वाजता होते, त्याआधी दिवसभर काय खाल्ले होते किंवा नव्हते, आणि त्यानंतर आपण काय करतो. बोलणे जमले नाही, तर तो कागदच पुढे करावा.